व्हीआरमध्ये चालून आमचा रस्ता कळणार कसा?

शिवारातला (धागाकर्ता)
'आता रस्ता आखायला गावोगाव हिंडायची गरज नाही, व्हीआर हेडसेट लावून माणसं चालवून बघितली की झालं,' असं परवा इथंच एका प्लॅनरने लिहिलं. व्हीआर म्हणजे डोळ्यांवर यंत्र लावून संगणकाने उभी केलेली आभासी जागा बघणं. दोन दिवस ते डोक्यातून जात नाही. आमचं गाव पांढरकवड्याकडच्या चौपदरीला लागून, वावरं पलीकडे. उन्हाळ्याच्या तोंडाला बाया डोक्यावर पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळल्या झाडांचा) भारा घेऊन दुभाजकाच्या तुटक्या जागेतून निघतात. भारा असला की मान वळत नाही, ट्रक बघायला अख्खं अंग फिरवावं लागतं. माझ्या काकूला मी लहानपणापासून असंच फिरताना पाहिलंय. एसी खोलीत हेडसेट लावलेल्या पोराला हे काय कळणार?

गणितवाला
'गरज नाही' हे चूकच. पण खऱ्या रस्त्यावर काकूंना ट्रकपुढे उभं करून प्रयोग करणार का? म्हणूनच व्हीआर. सात मीटरची एक बाजू ओलांडायला सेकंदाला १.२ मीटर चालीने सहा सेकंद लागतात. तेवढ्यात ८० च्या वेगातला ट्रक १३० मीटर येतो. भाऱ्यासकट चाल ०.८ वर आली तर नऊ सेकंद, म्हणजे १९५ मीटर. माणूस कधी पाऊल टाकतो अन् कधी थांबतो, हे जीव धोक्यात न घालता तिथंच मोजता येतं.

शिवारातला
हे गणित तुम्ही कागदावरच केलं, हेडसेट कुठं लागला? अन् हेडसेटमध्ये अंतर खऱ्यापेक्षा कमी वाटतं, हे संशोधकच सांगतात. ट्रक जवळ वाटला की माणूस जास्त थांबणार. खऱ्या रस्त्यावर तोच माणूस घाईने निघेल. मग तुमचा आराखडा कोणाच्या भरवशावर?

उंबरठा
चौपदरीचं राहू द्या. गावातला सिमेंट रस्ता दर वेळी जुन्यावरच का ओततात, हे कोणी सांगेल का? आमच्या गल्लीत तिसरा थर पडला. आधी दोन पायऱ्या चढून घरात जायचो, आता एक उतरून जातो. पावसाचं पाणी सरळ ओसरीत. मागच्या श्रावणात आई अंधारात रस्त्याच्या काठावरून पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. फूटपाथचा काठ १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको असं आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) मार्गदर्शिकेत आहे. आमच्या दारातला मी टेपने मोजला, २७० भरला.

वऱ्हाडी गडी
आमच्याकडंबी तेच. पण मले सांगा, ओतत होते तेव्हा तुम्ही कुठं होते? ग्रामसभेत दहा डोकी नसतात, अन् मंग बोंबलता.

उंबरठा
मी होतो. दोनदा लेखी दिलं. 'जुना खोदायला इस्टिमेटमध्ये पैसे नाहीत' एवढंच उत्तर मिळालं. आई पाच महिने खाटेवर होती, तेव्हा कोण बोंबललं आणि कोण नाही हे मला शिकवू नका.

वऱ्हाडी गडी
माय पडली हे मले माहीत नव्हतं भाऊ, चुकलं. पण आमच्या गावात आम्ही काम अडवलं होतं. चार दिवस बाया रस्त्यावर बसल्या, तेव्हा खोदला.

गणितवाला
काठाचंच घ्या. नॉर्थ कॅरोलिनाच्या विद्यापीठात २००२ च्या सुमारास लोकांना व्हीआरमध्ये खोल खड्ड्याच्या काठावर उभं केलं. पायाखालची खरी जमीन सपाट होती, तरी काळजाचे ठोके वाढले. पायाखाली खरी लाकडी फळी ठेवली तर आणखी. शरीर फसतं, म्हणजेच ते खरं उत्तर देतं. तुमच्या दारातला नवा काठ ओतण्याआधी ग्रामसभेत दाखवता आला असता. नकाशा वाचता न येणाऱ्या आजीनेही 'इथं मी पडीन' म्हटलं असतं.

शिवारातला
हे मान्य करावं लागतंय. इस्टिमेटचा कागद आमच्याकडे कोणाला कळत नाही, डोळ्यासमोरचा काठ कळेल. पण हेडसेट गावात आणा, आम्हाला शहरात बोलावू नका. अन् डोक्यावर भारा द्या, दुपारी बारा वाजता अनवाणी तापल्या सिमेंटवर उभं करा. नाहीतर माझं म्हणणं तेच राहील.

गणितवाला
भारा अन् ऊन दोन्ही देता येतं. अनवाणी मात्र मी कोणाला उभं करणार नाही.

उंबरठा
उभे राहतातच लोक. अन् चौथ्या थराचं टेंडर निघालंय. आधी कोणाच्या सहीने थांबतं ते सांगा.