विषय: लालबागची शाळा – ताईंच्या पत्रातली तिसरी अट

प्रेषक: खजिनदार

मंडळी, लालबागच्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवायला आपण मानधनावर घेतोय त्या ताईंनी नेमणुकीचं पत्र सही न करता परत पाठवलं. ‘इंग्रजीच्या तासाला मराठी बोलू नये’ ही अट त्यांना मान्य नाही. सोमवारी शाळा उघडतेय आणि सहीशिवाय मला मानधन सोडता येत नाही. अट ठेवायची की काढायची, एवढंच शुक्रवारपर्यंत कळवा. बाकीचे विषय कृपया सभेत.

प्रेषक: अण्णा, न्यू जर्सी

ठेवायची. मी सुचवली आणि सभेने मंजूर केली. त्या मुलांच्या कानावर दिवसभरात इंग्रजी पडतं ते त्या एका तासात. तिथेही मराठीच बोललं तर उरलं काय? माझा नातू इथे शाळेत गेला तेव्हा त्याच्याशी कुणी मराठी बोलत नव्हतं. वर्षभरात घडाघडा बोलायला लागला.

प्रेषक: मावशी, दादर

अण्णा, नातवाची गोष्ट निराळी. त्याला वर्गात, बागेत, शेजारी, टीव्हीवर सगळीकडे इंग्रजीच ऐकू आलं. आपल्या दुसरीतल्या मुलाला जेमतेम ३५ मिनिटं मिळतात, घंटा झाली की व्हरांड्यात मराठी. त्यातली दहा मिनिटं ‘बाई काय म्हणाल्या?’ असं शेजारच्याला विचारण्यात गेली तर तोटा इंग्रजीचाच.

मी महापालिकेच्या शाळेत पहिली-दुसरीच शिकवली. व्ही आणि डब्ल्यू आपली मुलं एकाच ‘व’ने म्हणतात. ‘वरचे दात खालच्या ओठावर टेकवा, आता आवाज काढा’ असं मराठीत सांगितलं की सगळा वर्ग करून बघतो. हेच इंग्रजीत सांगायचं तर दात, ओठ, वरचा, खालचा, सगळं आधी इंग्रजीत यायला हवं. वाचनाचंही तसंच. ज्याला ‘कमळ’मधले आवाज सुटे ऐकू येतात, त्याला सी-ए-टीचे तीन आवाज जोडायला शिकवता येतं. मराठीच वाचता येत नसेल तर इंग्रजी अक्षरं नुसती पाठ होतात, कारण तिथे अक्षरं २६ आणि आवाज ४०च्या वर.

कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी हेच मांडलंय. बोलण्यापुरती भाषा दोनेक वर्षांत येते, पण तिच्यात अभ्यास करण्याइतकी यायला पाच ते सात वर्षं लागतात, आणि पहिल्या भाषेत कमावलेलं वाचन दुसरीत कामी येतं. तेही चहूकडे इंग्रजी असलेल्या देशात. गोष्टी, गाणी, सूचना इंग्रजीत होऊ द्या, भरपूर होऊ द्या. पण ताईंचं तोंड बांधू नका.

प्रेषक: काका, गिरगाव

मुळात पहिलीला इंग्रजी कशाला? आम्ही एबीसीडी पाचवीत गिरवली, तरी कचेरीतला इंग्रजी पत्रव्यवहार सगळा माझ्याकडे असायचा. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून सुरू झालं, पण गावोगावी शिकवणारे तयार होते का? संविधानाचा अनुच्छेद ३५०-क बघा, शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ बघा. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतच शिकवा असं म्हटलंय.

प्रेषक: वहिनी, लालबाग

काका, तुम्ही सांगता ते सगळं माध्यमाबद्दल आहे, आणि आपल्या शाळेचं माध्यम मराठीच राहणार आहे. इंग्रजी हा विषय पहिलीला नको, असं त्यात कुठे आहे? आमच्या मजल्यावर मराठी शाळेत जाणारी दोनच मुलं उरली. बाकीच्यांच्या आया इंग्रजी शाळेच्या वह्या घेऊन माझ्याकडे येतात, कारण गृहपाठ घ्यायला घरी कुणी नाही. एक मुलगी परिसर अभ्यासाचं उत्तर न अडखळता म्हणते, अर्थ विचारला की गप्प. मराठी शाळेत इंग्रजी नीट शिकवतात असा विश्वास असता तर तिच्या आईने ती फी भरली नसती. म्हणून पहिलीपासून हवं, आणि नीट हवं.

प्रेषक: शाळा समिती

पत्राचा मसुदा आधी समितीकडे यायला हवा होता. शाळेशी बोलणं आमच्याकडे आहे, हे मागच्या वर्षीच ठरलंय. मुख्याध्यापिका बाई काल म्हणाल्या की काही मुलांच्या घरी भोजपुरी आहे, मराठी ती गल्लीत शिकली. त्यांचं ताई काय करणार?

प्रेषक: अण्णा, न्यू जर्सी

मावशी, मोकळीक दिली की तासभर भाषांतर चालतं, ही माझी भीती आहे. आमच्या शाळेत धडा वाचायचा आणि ओळीखाली मराठी अर्थ लिहायचा. दहावी झाली तरी तोंडातून एक वाक्य फुटत नव्हतं. पुन्हा तेच व्हायला नको.

प्रेषक: मावशी, दादर

ही भीती रास्त आहे. मग अट अशी लिहा: ‘दर तासाला प्रत्येक मुलाने इंग्रजीत काहीतरी बोलावं. ओळीखाली अर्थ लिहून देऊ नये. मराठी समजावण्यापुरती.’ भोजपुरी बोलणाऱ्या मुलांसाठी चित्रं आणि हावभाव जास्त लागतील. चित्रांचे पैसे मात्र द्या, ताईंनी खिशातून घालू नयेत.

प्रेषक: खजिनदार

मावशींचा मजकूर तिसऱ्या अटीच्या जागी घातलाय. समितीने आज रात्री बघून घ्यावं. अण्णा, ठराव तुमच्या नावावर आहे, तुमचा होकार लागेल. चित्रांचा खर्च किती, ते मावशी सांगा. वहिनी, शनिवारी ताईंना कागद पोचवाल का?