मदत हवी आहे: यूएसबी मायक्रोस्कोपने सूक्ष्म जीवाश्मांचे फोटो

नमस्कार मंडळी, साधा यूएसबी डिजिटल मायक्रोस्कोप घेतलाय आणि त्याखाली फोरॅमिनिफेरा (एकपेशीय, बहुतेक समुद्री जीवांची सूक्ष्म कवचं) बघायचं अक्षरशः वेड लागलंय. चिकणमाती पाण्यात भिजवून बारीक चाळणीतून धुतली, वाळवली, मग ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक दाणा उचलून काळ्या कागदावर ठेवला. त्यात अर्ध्या मिलिमीटरचा एक गोगलगायीसारखा वळलेला, कप्पे स्पष्ट दिसणारा सापडला, इतका देखणा की काय सांगू! पण फोटोत मधला कप्पा फोकसमध्ये आला की कडा धूसर होतात, आणि मायक्रोस्कोपच्या एलईडीमुळे पांढऱ्या कवचावर नुसती चकाकी येते, कप्प्यांमधल्या रेषाच गायब. एलईडी बंद करून टेबललॅम्पचा उजेड एका बाजूने तिरका टाकला तर बराच फरक पडला, पण सावली फार गडद येते, ट्रेसिंग पेपर मध्ये धरू का?

फोकस थोडा थोडा बदलत १५-२० फोटो काढून स्टॅकिंग (प्रत्येकातला स्पष्ट भाग जोडून एकच फोटो) करायचंय, पण स्टँड इतका हलतो की नॉब फिरवला की दाणाच फ्रेमबाहेर जातो, यावर काय जुगाड करता तुम्ही?

आणि एक, घेवड्याच्या दाण्यासारखं गुळगुळीत, कप्पे नसलेलं कवच ऑस्ट्रॅकॉडचंच (दोन झडपांच्या कवचात राहणारा खेकड्या-कोळंबीच्या गटातला इवलासा जीव) असेल ना? एकच झडप मिळालीय, आतली बाजू पोकळ आहे. ओळखायला कुठल्या बाजूचे फोटो लागतील तेही सांगा प्लीज.