आंबा घाट चढून आल्यावरच इंजिन ऑईल गळते : क्रँक सील, टर्बो की आणखी काही?

करवीरची_डिझेल यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे २०११ सालची, १.३ लिटर टर्बो डिझेल इंजिनाची गाडी आहे आणि ती आजवर दीड लाख किलोमीटरच्या आसपास धावली आहे. कोल्हापुरात रोजच्या वापरात पार्किंगच्या फरशीवर ऑईलचा थेंबही दिसत नाही. मात्र रत्नागिरीहून परतताना साखरप्यापासून आंब्यापर्यंतचा चढ चढून आलो, की दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडाखाली तळहाताएवढा काळा डाग पडलेला असतो. जाताना, म्हणजे घाट उतरताना, असे होत नाही.

एका गॅरेजमध्ये मागचे क्रँक सील (इंजिनाचा मुख्य दांडा गिअरबॉक्सकडे बाहेर येतो, तेथे ऑईल अडवणारे रबरी कडे) गेल्याचे सांगून गिअरबॉक्स उतरवण्याचा आणि त्याच कामात क्लच प्लेटही बदलण्याचा सल्ला मिळाला. दुसऱ्या गॅरेजच्या मिस्त्रींनी इंटरकूलरचा (टर्बोकडून येणारी हवा थंड करणाऱ्या जाळीचा) होज काढला, आतून बोट फिरवून ऑईल दाखवले आणि टर्बो, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा, संपल्याचे सांगितले. गाडीचा पिकअप पूर्वीसारखाच आहे आणि निळा धूर येत नाही. दोन्ही कामे खर्चाची आहेत. त्याआधी गळती नेमकी कोठून होते, हे खात्रीने ठरवण्याचा काही मार्ग आहे का?

दहाबाराचा_पाना यांचा प्रतिसाद

गळते ते इंजिन ऑईलच आहे, हे आधी पक्के करावे. डाग पडतो तेथे रात्री पांढरा पुठ्ठा ठेवावा. डिझेल इंजिनाचे वापरलेले ऑईल काजळीमुळे काळेकुट्ट असते. गिअर ऑईल घट्ट असून त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. इंजेक्टरच्या रिटर्न पाइपमधून झिरपणारे डिझेल पातळ असते आणि वाटेतला मळ सोबत घेऊन खाली आल्यामुळे कित्येकदा ऑईलच भासते. पुठ्ठ्यावर डिझेल आढळले, तर सील आणि टर्बो यांची चर्चाच थांबवता येईल.

घाटमाथा यांचा प्रतिसाद

आपण दिलेल्या माहितीत सर्वांत मोलाची गोष्ट आहे ती चढ आणि उतार यांतला फरक. सील केवळ झिजले किंवा कडक झाले असते, तर शहरातही थोडे तरी ऑईल झिरपले असते. इंजिनावर भार असतानाच गळती होत असेल, तर संशय आधी क्रँककेसमधल्या, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पोकळीतल्या, दाबावर घ्यावा लागतो.

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या, तरी ज्वलनाचा थोडा वायू त्यांना चुकवून खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. गॅरेजच्या भाषेत यालाच बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. चढावर टर्बो पूर्ण दाबाने हवा भरत असल्यामुळे या वायूचे प्रमाण वाढते. तो बाहेर पडावा म्हणून ब्रीदर असतो : वायूतील ऑईलचे कण गाळून उरलेला वायू टर्बोच्या अलीकडे, हवेच्या पाइपमध्ये सोडला जातो. जुन्या गाड्यांत ही वाट काजळी आणि ऑईल यांच्या चिकट गाळाने बुजत जाते. मग दाब जेथे वाट मिळेल तेथून ऑईल ढकलतो, आणि नवे सील बसवले तरी काही महिन्यांनी तेही ओले होते. गिअरबॉक्स उतरवण्याची घाई करू नये, असे मी म्हणतो ते यासाठी.

डिपस्टिक (ऑईलची पातळी पाहण्याची पट्टी) काढून तिच्या नळीवर पारदर्शक प्लॅस्टिकची नळी घट्ट बसवावी, पुढे तिला इंग्रजी यू अक्षराचा आकार देऊन त्यात थोडे पाणी भरावे आणि इंजिन चालू करून पाहावे. नळीचा लांब भाग उभा आणि पुरेसा उंच ठेवावा, म्हणजे पाणी इंजिनात ओढले जाणार नाही. ब्रीदर मोकळा असेल, तर दोन्ही बाजूंची पातळी जवळपास सारखी राहते किंवा पाणी इंजिनाकडे किंचित ओढले जाते. ते बाहेरच्या बाजूला ढकलले जात असेल आणि रेस वाढवताच अधिक ढकलले जात असेल, तर ब्रीदर साफ करून पुन्हा मोजावे. तरीही दाब उरला, तर कॉम्प्रेशन तपासावे लागेल.

गळतीची जागा शोधण्यासाठी इंजिन स्वच्छ असणे आवश्यक आहे. अल्टरनेटर आणि वायरिंगचे जोड प्लॅस्टिकने झाकून डीग्रीझरने इंजिन धुवावे, पूर्ण वाळू द्यावे, संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरावी आणि मग गाडी चढावर न्यावी. ऑईल खाली ओघळते आणि धावत्या गाडीत वाऱ्याने मागे उडते. म्हणून जेथून थेंब पडतो ती जागा महत्त्वाची नाही, सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा महत्त्वाची. अतिनील प्रकाशात चमकणारा रंगही ऑईलमध्ये मिसळता येतो, परंतु काळ्या ऑईलमध्ये तो झाकला जातो. तो उपाय ऑईल बदलल्यावर करावा.

इंटरकूलर यांचा प्रतिसाद

टर्बोबद्दल थोडे लिहितो, कारण होजमध्ये बोट फिरवून टर्बो बाद ठरवण्याची पद्धत फारच बोकाळली आहे. ब्रीदरचा वायू टर्बोच्या तोंडाशीच येऊन मिसळत असल्यामुळे होजच्या आत ऑईलचा पातळ थर असणे या गाड्यांत स्वाभाविक आहे. इंटरकूलर काढून उलटा केल्यावर ऑईल धारेने पडले, तर मात्र ती काळजीची बाब आहे. एवढे ऑईल साचलेले असताना मोठ्या चढावर ते इंजिनात ओढले गेले, तर इंजिन स्वतःचेच ऑईल जाळत बेफाम फिरू लागते आणि चावी बंद करूनही थांबत नाही. अशा वेळी मॅन्युअल गाडी ब्रेक दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून बंद पाडावी लागते.

टर्बोच्या शाफ्टवर रबरी सील नसते. तेथे पिस्टनच्या रिंगसारखी धातूची बारीक रिंग असते, आणि ऑईल आत राहते ते दाबांच्या फरकामुळे आणि रिटर्न पाइपमधून ते विनाअडथळा खाली वाहून जात असल्यामुळे. रिटर्न पाइप काजळीने अरुंद झाला किंवा क्रँककेसमध्ये दाब साचला, तर चांगला टर्बोसुद्धा ऑईल टाकू लागतो. एअर फिल्टर चोंदला असेल, तरी कंप्रेसरच्या बाजूने ऑईल ओढले जाते. म्हणून शाफ्ट हाताने हलवून पाहावा : आडवा थोडा खेळ चालतो, पुढे-मागे तो जाणवता कामा नये, आणि पात्यांवर घासल्याच्या खुणा असू नयेत.

घाटमाथा यांच्या पाण्याच्या नळीबाबत एक शंका नोंदवतो. न्यूट्रलमध्ये कितीही रेस दिली, तरी इंजिनावर भार येत नाही आणि टर्बोचा दाबही फारसा तयार होत नाही. त्यामुळे नळीत पाणी स्थिर दिसले, म्हणून घाटातही दाब वाढत नाही असे समजू नये. ढकलले गेलेले पाणी दोष दाखवते. न हललेले पाणी निर्दोषत्वाचा दाखला देत नाही.

करवीरची_डिझेल यांचा प्रतिसाद

आपणा सर्वांचे आभार. पुठ्ठ्यावरचा डाग इंजिन ऑईलचाच निघाला. नळीतले पाणी रेस देताच स्पष्टपणे बाहेर ढकलले गेले. ब्रीदरचा पाइप काढला, तेव्हा त्याच्या वळणात डांबरासारखा गाळ बसलेला होता. तो साफ केल्यावर पाणी जागेवर राहिले. टर्बोच्या शाफ्टला पुढे-मागे खेळ नाही आणि इंटरकूलरमधून जेमतेम चमचाभर ऑईल निघाले. इंजिन धुऊन पुन्हा घाट चढलो. डाग पूर्वीपेक्षा पुष्कळ लहान पडला, पण पडलाच. या वेळी गिअरबॉक्सच्या वर, इंजिन हेडच्या टोकाला पावडर ओली झालेली दिसली. तेथून खाली जोडापर्यंत ओघळ आहे.

घाटमाथा यांचा प्रतिसाद

मग क्रँक सीलला तूर्त हात लावू नये. गाडीच्या रुंदीच्या दिशेने आडव्या बसवलेल्या अनेक डिझेल इंजिनांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप कॅमशाफ्टच्या (हेडमधल्या, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) गिअरबॉक्सकडील टोकावर बसवलेला असतो. त्याच्या ओ-रिंगमधून (गोल रबरी कड्यातून) किंवा गॅस्केटमधून झिरपलेले ऑईल गिअरबॉक्सच्या कवचावरून ओघळत नेमके त्या जोडाशी येते आणि मागच्या सीलच्या गळतीचे हुबेहूब सोंग आणते. पंप काढून ओ-रिंग बदलणे हे गिअरबॉक्स उतरवण्याच्या तुलनेत किरकोळ काम आहे. शेजारी टॅपेट कव्हरचा (हेडवरच्या झाकणाचा) कोपरा असेल, तर तेथील गॅस्केटही पाहून घ्यावे.

एक विनंती मिस्त्रींना आवर्जून करावी : ओ-रिंगच्या जागी सिलिकॉन थापू नये. जास्तीचे सिलिकॉन आत दबते, त्याचे तुकडे सुटून तळाच्या ऑईल चेंबरमध्ये उतरतात आणि ऑईल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. जाळी चोंदली, तर ऑईलचा दाब पडतो आणि त्याचा पहिला फटका टर्बोच्या बेअरिंगला बसतो.