सपाट पाण्यावर ३८ नॉटला बोट हेलकावते: दोष तळाचा की आणखी कशाचा?

मांडवा_किनारा
माझ्याकडे २१ फुटी फायबरची बोट असून तिला २०० अश्वशक्तीचे एकच आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरून बसवलेले, इंजिन आहे. तळ खोल व्ही आकाराचा असून ट्रान्समपाशी, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीपाशी, त्याचा डेडराइज (तळाचा आडव्या पातळीशी होणारा कोन) २२ अंश आहे. ३० नॉटपर्यंत बोटीबद्दल माझी काहीही तक्रार नाही. मात्र ३८ नॉटच्या आसपास ती आधी डावीकडे कलते, मग उजवीकडे, आणि चार-पाच हेलकाव्यांत हा झोका इतका वाढतो की वेग कमी करावाच लागतो. पाण्यावर लाटा नसताना असे का व्हावे? माझ्या मित्राच्या जवळजवळ सपाट तळाच्या बोटीला हा त्रास कधीच झालेला नाही. तेव्हा खोल व्ही निवडण्यात माझी चूक झाली का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

तळरेषा
आपण वर्णन केलेल्या प्रकाराला चाइन वॉकिंग म्हणतात. बोट पाण्यावर उचलली जाऊन धावू लागली की तिचे वजन मुख्यतः तळावर आदळणाऱ्या पाण्याच्या दाबावर पेलले जाते आणि हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे २० नॉटला जेवढा तळ पाण्याला टेकलेला असावा लागतो, त्याच्या बऱ्याच कमी भागावर ४० नॉटला तेच वजन पेलते. आपल्या व्ही तळाच्या बाबतीत हा उरलेला भाग म्हणजे मागच्या बाजूला, कीलच्या, म्हणजे तळाच्या मधल्या कण्याच्या, दोन्ही अंगांना असलेला अरुंद पट्टा. बाजूच्या कडा, म्हणजे चाइन, त्या वेळी पाण्याच्या वर असतात. बोट जराशी कलली की त्या बाजूचा अधिक तळ पाण्याला लागतो, तिकडून धक्का मिळतो, बोट सरळ होते, पण मध्यावर न थांबता पलीकडे जाते. सपाट तळाच्या बोटीचा आधार रुंद असल्यामुळे आपल्या मित्राला हे अनुभवास येत नाही. त्याऐवजी दुपारी वारा सुटून सपाट तळ लाटांवर आदळू लागल्यावर त्याच्या कंबरेला काय अनुभवास येते, हे त्याला अवश्य विचारावे.

आपली निवड मुळीच चुकलेली नाही. रे हंट यांनी आखलेल्या सुमारे २४ अंशांच्या खोल व्ही तळाच्या ‘मॉपी’ या बोटीने १९६०ची मायामी-नासाऊ मोटरबोट शर्यत खवळलेल्या समुद्रात जिंकली, आणि तेव्हापासून समुद्रावरील वेगवान बोटींसाठी हा आकार रूढ झाला. लाट कापण्याचा गुण आणि आडवा स्थिरपणा ही दोन्ही एकाच तळात पुरेपूर मिळत नाहीत.

जुना_तांडेल
वरील विवेचन योग्य आहे, पण केवळ तळाला दोष देऊन थांबू नये. माझ्या अनुभवात अशा तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा सुकाणूच्या ढिलेपणात सापडते. इंजिन बंद असताना चाक हळूहळू फिरवून पाहावे; इंजिन हलण्याआधी चाक दोन-तीन बोटे रिकामे फिरत असेल, तर झोका आवरण्यासाठी आपण दिलेला प्रत्येक वळसा उशिरा पोहोचतो आणि झोक्याला उलट बळच देतो.

दुसरे म्हणजे, इंजिनाचा नेहमीचा पंखा मागून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्यामुळे त्याच्या प्रतिक्रियेने बोट डावीकडे कलू पाहते. आपला पहिला झोका डावीकडेच जातो, हे लक्षणीय आहे. अनेक बोटींत चालकाची जागा उजवीकडे असण्यामागे हेही एक कारण आहे. बर्फाची पेटी आणि जड सामान डावीकडे रचले असेल तर ते हलवावे.

तिसरे, ट्रिम, म्हणजे इंजिनाचा आत-बाहेर कल. तो बाहेर काढून नाळ (बोटीचे पुढचे टोक) जास्त उचलली की आधाराचा पट्टा आणखी आखूड होतो. झोका सुरू होताच ट्रिम किंचित आत घ्यावी किंवा थ्रॉटल सावकाश कमी करावा. थ्रॉटल एकदम बंद केल्यास नाळ पाण्यात रुतून बोट गर्रकन फिरू शकते.

मांडवा_किनारा
दोघांचेही आभार. चाक खरोखरच सुमारे दोन इंच रिकामे फिरत होते. केबल काढून हायड्रॉलिक स्टिअरिंग बसवले आणि बॅटरी उजवीकडे हलवली. आता ४२ नॉटपर्यंत हेलकावा येत नाही. मात्र ट्रिम बाहेर काढली की नाळ वर-खाली आपटू लागते. पायऱ्यांचा तळ (तळाला आडव्या पायऱ्यांसारखे टप्पे) असलेली बोट घेतल्यास हे टळेल का?

तळरेषा
हे पॉरपॉइजिंग, म्हणजे पुढे-मागे होणारा झोका. मागे जास्त वजन आणि जास्त बाहेर काढलेली ट्रिम ही त्याची नेहमीची कारणे आहेत. बोट उचलून ट्रान्समपासून पुढे दीड-दोन मीटर लांबीची सरळ पट्टी कीलला समांतर लावून पाहावी. तळ तिथे बाहेर फुगलेला असेल तर नाळ वर उठण्याकडे कल राहतो. आत दबलेला असेल तर नाळ खाली दाबली जाते. ट्रेलरचे आधार चुकीच्या जागी असल्यानेही फायबरच्या तळात असा दोष निर्माण होतो.

पायऱ्यांच्या तळाखाली हवा शिरल्याने घर्षण घटते, हे खरे. परंतु ट्रिम आत असताना जोरात वळल्यास पुढचा भाग पाणी पकडतो, मागचा भाग सुटतो आणि बोट स्वतःभोवती फिरते. घरच्या माणसांना घेऊन फिरणाऱ्याने केवळ चार-पाच नॉटसाठी हा धोका पत्करावा, असे मला वाटत नाही.

जुना_तांडेल
सहमत आहे. पट्टी लावण्याआधी टाकीत किती इंधन होते, तेवढे लिहावे. मागची टाकी भरलेली असताना आणि अर्धी असताना, अशा दोन्ही वेळा चालवून पाहिलेत का?