७७७ परवानगी: कारखान्याच्या सर्व्हरवर तिला जागा असावी का?

धागाकर्ता, चिंचवड
लहान कंपन्यांच्या लिनक्स सर्व्हरवर मला एक सवय वारंवार दिसते: कोणाची फाइल उघडली नाही की संपूर्ण फोल्डरला ७७७ परवानगी दिली जाते आणि नंतर ती कोणी काढत नाही. हे तीन आकडे अनुक्रमे मालक, ग्रुप आणि इतर सर्वांसाठी असतात. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचा १ मिळून ७ होतात. शेवटच्या ७ मुळे सर्व्हरवरील कोणत्याही खात्याला, त्यावर वेबसाइट चालत असेल तर तिच्या खात्यालाही, तेथे लिहिता येते. मग वेबसाइटमधील त्रुटीतून शिरलेल्याला पगारपत्रकासाठी वेगळे कुलूप तोडावे लागत नाही. दुसऱ्या संगणकावर सुरक्षितपणे लॉगिन करण्यासाठी वापरला जाणारा एसएसएच हा प्रोग्रॅमसुद्धा, लॉगिनच्या खासगी किल्लीची (प्रायव्हेट की) फाइल सर्वांना वाचता येत असेल तर ती वापरण्यास नकार देतो. व्यवसायाच्या फाइलींबाबत आपण एवढे तरी कठोर व्हावे. ७७७ पूर्ण बंद व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

लघुउद्योजक, भोसरी
तत्त्व मान्य आहे. परंतु रात्रपाळीत ड्रॉइंग उघडले नाही तर सीएनसी मशीन थांबते आणि त्या वेळी परवानगी देणारा माणूस आमच्याकडे नसतो. आमचा सर्व्हर इंटरनेटवर खुला नाही, कामगार जुने व विश्वासाचे आहेत. लहान कारखान्याने बँकेसारखी शिस्त पाळावी ही अपेक्षा अव्यवहार्य आहे. त्यापेक्षा रोजच्या बॅकअपवर खर्च करावा.

धागाकर्ता
रात्रपाळीची अडचण खरी आहे, पण तिच्यासाठी ७७७ लागत नाही. सर्व पाळ्यांतील संबंधितांचा एक ग्रुप करून फोल्डरला २७७० द्यावी आणि यूमास्क (नव्या फाइलींना कोणत्या परवानग्या मिळू नयेत हे ठरवणारी सेटिंग) ००७ ठेवावा. सुरुवातीच्या २ मुळे नवी फाइल आपोआप फोल्डरच्याच ग्रुपकडे जाते, त्यामुळे रात्री कोणाला बोलवावे लागत नाही. विश्वासाचे म्हणाल तर, रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा घातक प्रोग्रॅम, ज्याच्या संगणकात शिरते त्याच्याच अधिकाराने शेअर केलेल्या फाइली एन्क्रिप्ट करते. तो माणूस कितीही सचोटीचा असो. बॅकअपचा फोल्डरही सर्वांना लिहिता येण्याजोगा असेल, तर तोही त्याच तडाख्यात जातो.

सिस्टिम अ‍ॅडमिन, हिंजवडी
मला दोघांचेही म्हणणे अपुरे वाटते. सगळा विभाग एकाच खात्याने आणि एकाच पासवर्डने काम करत असेल, नोकरी सोडून गेलेल्यांची खातीही चालू असतील, तर २७७० काय आणि ७७७ काय! सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक सायबर घटना ६ तासांत कळवाव्या लागतात आणि लॉग (सर्व्हरवरील हालचालींच्या नोंदी) १८० दिवस जपावे लागतात. सामाईक खाते असेल तर त्या लॉगमधून फाइल कोणी बदलली हे कळणारच नाही. वैयक्तिक माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर केल्यास २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि पगारपत्रक ही वैयक्तिक माहितीच आहे.

लघुउद्योजक, भोसरी
पगारपत्रक आणि बॅकअप वेगळे काढून बंद करणे मला पटले. स्वतंत्र पासवर्ड मात्र मशीनपाशी चालणार नाहीत, कारण तेथील एकाच संगणकावर तिन्ही पाळ्यांचे ऑपरेटर काम करतात. त्या संगणकाला ड्रॉइंग फक्त वाचता येईल असे एक खाते द्यावे आणि बदलाचा अधिकार डिझाइन विभागाकडेच ठेवावा, एवढी सवलत आपण दोघांनी मान्य करावी.