मदत हवी आहे: गोव्यात कासवं आणि मॅनाटीसोबत स्नॉर्कलिंग, टूरवाला गॅरंटी देतोय. खरं असेल का?

म्हापशाची आत्या

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

माझा भाऊ बरीच वर्षं फ्लोरिडात आहे, टँपाजवळ. डिसेंबरच्या 20 तारखेला सहकुटुंब येतोय, सोबत माझी भाची, वय अकरा. गेल्या जानेवारीत त्यांनी क्रिस्टल रिव्हरला मॅनाटीसोबत स्नॉर्कलिंग केलं आणि तेव्हापासून पोरीच्या डोक्यात दुसरं काही नाही. व्हिडिओ कॉलवर त्या प्राण्याची सगळी कुंडली मला सांगून झाली आहे. हत्ती त्याचा नातेवाईक. खातो फक्त पाण्यातलं गवत आणि पाला. एवढं धूड, पण थंडी सोसत नाही. पाणी 20 अंशांखाली गेलं की जीव धोक्यात, म्हणून हिवाळ्यात झऱ्यांच्या 22 अंशांच्या पाण्यात येऊन पडून राहतो. तिकडे पाण्यात उतरण्याआधी सगळ्यांना बसवून नियम सांगितले म्हणे: मागे पोहायचं नाही, पाय आपटायचे नाहीत, ओंडक्यासारखं तरंगत राहायचं. "आत्या, तो आपणहून आला आणि त्याच्या मिशा माझ्या मास्कला लागल्या" हे वाक्य मी निदान पंधरा वेळा ऐकलंय.

आता तिला हेच गोव्यात करायचंय, वर कासवंही हवीत. चूक माझीच. तिने विचारलं, "तुमच्याकडे तर समुद्रच आहे ना?" आणि मी बोलून गेले, "हो गं, करू की."

मग ऑफिसातल्या एकीने कळंगुटकडच्या एका टूरवाल्याचा नंबर दिला. त्याचा व्हॉट्सॲप मेसेज जसाच्या तसा: "गाईडेड स्नॉर्कल विथ वाईल्ड टर्टल अँड मॅनाटी, 100 टक्के सायटिंग, लंच, अनलिमिटेड बिअर." माणशी 3,200 रुपये. पाच जणांचे मिळून 5,000 आगाऊ पाठवले आणि पाठवल्यावर शंका आली (माझं नेहमीचंच). त्याने एक फोटोही दिला होता, तो भाचीला पाठवला. दोन मिनिटांत उत्तर: "आत्या, हे आमच्याकडचं आहे." का, तर फोटोत मागे जो माणूस पोहतोय त्याच्या काखेत पिवळी फोमची नळी आहे. क्रिस्टल रिव्हरला तिलाही तशीच दिली होती, पाय खाली जाऊन चिखल ढवळू नये म्हणून. मी मोठा करून पाहिलं. नळी आहे खरी!

तर जाणकारांनी सांगावं. गोव्यात मॅनाटी आहेत का? कासवं तर नक्की आहेत, मोरजीची कासवं पेपरात दरवर्षी येतात, मग ती पाण्याखाली का दिसू नयेत? आणि हे सगळं खोटं असेल तर पोरीला काय दाखवू? आणखी दोन अडचणी. मला उणे साडेचारचा चष्मा आहे, आणि आई (वय 68) म्हणते मीही बोटीत येणार. कृपया व्यनि (खाजगी निरोप) नको, इथेच लिहा, इतरांनाही उपयोग होईल.

शिंपलेवाला

अनलिमिटेड बिअर आणि स्नॉर्कलिंग एकाच तिकिटात विकणाऱ्याकडे मॅनाटीच काय, जलपरीसुद्धा दिसेल. 1493 साली कोलंबसालाही जलपऱ्या दिसल्या होत्या, त्या मॅनाटीच होत्या असं मानतात. चित्रात काढतात तितक्या काही त्या सुंदर नाहीत, अशी तक्रारही त्याने नोंदवून ठेवली आहे. त्याच्या गलबतावर काय अनलिमिटेड होतं देव जाणे.

बुडीमास्तर

शिंपलेवाले, हसून घ्या, पण ताईंचे पाच हजार गेलेत.

ताई, सहा सीझन बोटीवर काम केलंय, म्हणून स्पष्ट लिहितो. मॅनाटी गोव्यात नाही, भारतातच नाही. तो फ्लोरिडा, कॅरिबियन, ॲमेझॉन आणि पश्चिम आफ्रिका इथलाच प्राणी. आपल्याकडे त्याचा चुलतभाऊ आहे, डुगाँग, म्हणजे समुद्रगाय. दोघांतला फरक शेपटीत. मॅनाटीची शेपूट गोल, उलथण्यासारखी. डुगाँगची डॉल्फिनसारखी मधे दुभंगलेली. तुमच्या फोटोत शेपूट दिसत असेल तर बघा, नळीची गरजच पडणार नाही.

डुगाँगसुद्धा गोव्यात शोधू नका. त्याला उथळ पाण्यातलं समुद्रगवताचं कुरण लागतं. ते मन्नारचं आखात, पाल्कची सामुद्रधुनी, कच्छचं आखात आणि अंदमान-निकोबार इथे आहे. तिथेही तो मोजकाच उरलाय, तिकीट काढून दिसेल असा नाही. तामिळनाडूने 2022 मध्ये पाल्कच्या उपसागरात 448 चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र त्याच्याचसाठी केलं.

आता स्नॉर्कलिंगचं. गोव्यात जे काही होतं ते मुख्यतः ग्रँड आयलंडला, मुरगावच्या बाहेर. पावसाळ्यात बंद, साधारण ऑक्टोबर ते मे चालू. दिसतं काय? काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर भरपूर, पोपट मासे, खडकाच्या कपारीत एखादा गोबरा, नशीब असेल तर तांबोशीचा थवा. पण पाणी! मांडवी आणि जुवारी दोन्ही नद्या गाळ घेऊन तिथेच समुद्राला मिळतात. चांगल्या दिवशी पाच-सहा मीटरवरचं दिसतं, वाईट दिवशी स्वतःच्या पायातले फिन दिसत नाहीत. झऱ्याच्या नितळ पाण्यात पोहून आलेल्या पोरीला हे आधी सांगा, नाहीतर ती बोटीवरच तोंड पाडून बसेल. एवढ्या सीझनमध्ये स्नॉर्कल करताना कासव मला किती वेळा दिसलं, तर तीनदा. तिन्ही वेळा ते पळत होतं.

चष्म्याचं सोपं आहे. उणे नंबरची काच बसवलेला मास्क मिळतो, अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्यात. आधी फोन करून विचारून ठेवा, किनाऱ्यावर जाऊन आयत्या वेळी मागाल तर नाही म्हणतील. भावाला मिशी असेल तर मास्क नाकाखालून गळणार म्हणजे गळणारच. तिथे व्हॅसलीन फासायला सांगा. आणि काचेवर धुकं धरतं त्याला थुंकी हाच जुना उपाय, आत चोळून पाण्यात विसळायची. भाची ईऽऽ करेल, मग बेबी शाम्पूचा एक थेंब.

गालजीबागकर

कासवांचं मी सांगतो, घर किनाऱ्यालाच आहे.

ताई, तुमचा प्रश्न बरोबर आहे, कासव आहे तर पाण्यात का दिसत नाही. आमच्याकडे येतं ते ऑलिव्ह रिडली. ते आपल्या किनाऱ्याला राहायला येत नाही, अंडी घालायला येतं. बाकीचं आयुष्य बाहेर खोल दर्यात. बाळंतपणाला माहेरी आलेली लेक जशी, काम झालं की सासरी. लक्षद्वीपच्या फोटोत जी शांतपणे चरणारी कासवं दिसतात ती हिरवी कासवं, ती समुद्रगवत खातात म्हणून उथळ पाण्यात सापडतात. जात वेगळी, सवय वेगळी.

गोव्यात मादी चढते त्या जागा मुख्यतः चार: पेडण्यात मोरजी आणि मांद्रे, काणकोणात आगोंद आणि गालजीबाग. रात्री येते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आधी आवाज आला, ओली गोणी वाळूतून ओढल्यासारखा. मग ती थांबली आणि मोठा सुस्कारा टाकला, अगदी माणसासारखा. मागच्या वल्ह्यांनी खड्डा काढते, एक वल्हं वाळू उचलतं, दुसरं बाजूला फेकतं, आलटून पालटून. शंभराच्या आसपास अंडी. मग वाळू लोटून अंगाने थापटते, आमची आजी शेणाने जमीन सारवून थापटायची तसं. मागे वळून न बघता पाण्यात. सकाळी राहतो तो फक्त माग, ट्रॅक्टरच्या चाकासारखा.

वनखात्याची माणसं घरट्याला कुंपण घालतात, तारखेची पाटी लावतात. पिल्लं 45 ते 60 दिवसांनी बाहेर येतात. आता तुमच्या तारखांचं खरं सांगतो. डिसेंबर अखेर म्हणजे अंडी घालायला जरा लवकरच. जोर धरतो जानेवारी-फेब्रुवारीत. एखादं घरटं बघायला मिळेल, पिल्लं बहुतेक नाहीत. तरी या. वनखात्याच्या चौकीवर विचारायचं, ते सांगतील तिथेच बसायचं, नको म्हणाले तर परत फिरायचं. हे कासव 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्याच यादीत. त्याच्या पाठीवर हात ठेवून सेल्फी काढणारे मी पाहिलेत म्हणून लिहितो.

तारकर्ली रिटर्न

पाण्याखालचंच हवं असेल तर मालवण बघा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्नॉर्कलिंग चालतं, पाणी गोव्यापेक्षा बरं. म्हापशाहून सकाळी लवकर निघालात तर एका दिवसात होतं. कासवाची खात्री तिथेही नाही.

बुडीमास्तर

+१. आणि दोन दिवस हाताशी असतील तर नेत्राणी, कर्नाटकातलं बेट. मडगावहून कोकण रेल्वेने मुरुडेश्वर, तिथून बोट. पाणी निळं, हिरवं कासव दिसण्याची शक्यता आपल्या या पट्ट्यात तिथेच सर्वांत जास्त. पण बोट बराच वेळ उघड्या समुद्रातून जाते, हलते. तुमच्या आईंना तिथे नेऊ नका. ग्रँड आयलंडला चालेल, तेही बोट लागत नसेल तर. निघण्याआधी अर्धा तास गोळी, आणि पोटात काहीतरी कोरडं हवं.

म्हापशाची आत्या

सगळ्यांचे आभार. बुडीमास्तर, शेपूट पाहिली. गोल आहे. भाकरीएवढी गोल.

काल टूरवाल्याला फोन केला, तो संवाद ऐकाच. मी म्हटलं, मॅनाटी भारतात नसतात. तो म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे डॉल्फिनलाच मॅनाटी म्हणतात." मी म्हटलं, मग कासव? "ते सीझनवर आहे." आणि 100 टक्के? "मॅडम, 100 टक्के म्हणजे आम्ही 100 टक्के प्रयत्न करतो." मला हसू आवरेना, राग यायचा राहूनच गेला. पैसे परत मागितले तर म्हणतो दुसरी ट्रिप घ्या, ॲडव्हान्स परत होत नाही. काय करू?

पेडण्याचा पाव्हणा

डॉल्फिन तरी खरे आहेत हो, सिंकेरीकडे कुबडवाले डॉल्फिन बारा महिने असतात. त्यासाठी 3,200 मोजायची गरज नाही एवढंच.

पैशांचं: त्याला लेखी विचारा, व्हॉट्सॲपवरच, की पर्यटन खात्याकडचा तुझा नोंदणी क्रमांक काय आणि बोटीचा कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडचा (म्हणजे बंदर खात्याकडचा) क्रमांक काय. गोव्यात पर्यटनाचा धंदा करायला नोंदणी लागते, 1982 चा कायदा आहे. त्याचा जुना मेसेज, ते 100 टक्क्यांचं वाक्य आणि फोटो एकत्र जोडून पर्यटन खात्याला तक्रार करणार असं शांतपणे लिहा. भांडू नका. माझ्या मेव्हण्याचे याच पद्धतीने तीन दिवसांत परत आले होते. आणि पुढच्या वेळी कुठेही बुक करताना हेच दोन प्रश्न आधी, पैसे नंतर. सोबत लाईफ जॅकेट मुलांच्या मापाचं आहे का तेही विचारा. मोठ्यांचं जॅकेट पोरीच्या कानापर्यंत येतं, मग ती स्नॉर्कल काय लावणार.

म्हापशाची आत्या

लिहिलं तसं. दोन निळ्या टिका आल्या, मग बराच वेळ "टायपिंग", मग काही नाही. आज सकाळी 4,000 जमा झाले. हजार "प्रोसेसिंग" म्हणे. सोडून दिले.

भाचीला सगळं खरं सांगून टाकलं. मला वाटलं रुसेल. ती म्हणाली, "म्हणजे कासव बाळंतपणाला येतं आणि आपण बाहेर वाट बघत बसायचं? हॉस्पिटलसारखं?" हो म्हटलं. तिला ते मॅनाटीपेक्षा भारी वाटलेलं दिसतंय, कारण घरटं राखायला रात्रभर बसता येईल का हा पुढचा प्रश्न आलाच. तर बेत असा: ग्रँड आयलंड एक सकाळ, बिअरशिवाय, नोंदणी बघून. आणि दोन रात्री काणकोणात. आईने बोटीचा हट्ट सोडला, म्हणते मी वाळूत येते.

गालजीबागकर, एकच विचारायचं राहिलं. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावून आणला तर चालेल ना? आईला काळोखात दिसत नाही.

गालजीबागकर

टॉर्च गाडीतच ठेवा, लाल नको आणि हिरवाही नको. लागलाच तर वनखात्याचा माणूस त्याचा लावेल. मोबाईलही खिशात. वीसेक मिनिटं सुरूच्या झाडांखाली नुसतं बसलात की डोळे सरावतात, वाळू उजळ दिसायला लागते. गडद कपडे घाला. आईंसाठी घडीची खुर्ची मी आणून ठेवीन, फक्त कुठल्या रात्री येताय ते इथे लिहा.