मदत हवी आहे : डायव्हिंगच्या सामानासाठी बदललेला ट्रेलर रस्त्यावर डोलतो

खाडीकिनारा
होडी वाहण्याचा जुना ट्रेलर घेऊन त्यावर स्कुबाच्या टाक्यांसाठी अँगलचा सांगाडा आणि वर पत्र्याची पेटी बसवून घेतली आहे. रिकामा ट्रेलर व्यवस्थित चालतो, परंतु सामान भरल्यावर कुडाळहून चौकेमार्गे मालवणला येताना उतारावर त्याचे शेपूट इतके हलू लागते, की मागून येणारी एसटी हॉर्न वाजवत राहते. पाटे नवे घातले, टायर बदलले, तरी फरक नाही. दहा दिवसांत हंगाम सुरू होईल. आता एक्सलच बदलावा काय? कृपया लवकर सांगावे.

लोहारशाळा
टाक्या किती, कोणत्या, भरलेल्या की रिकाम्या, आणि ओढणारी गाडी कोणती, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. एवढ्यावरून एक्सलबद्दल सांगणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होईल.

खाडीकिनारा
ॲल्युमिनियमच्या ११ लिटरच्या २४ टाक्या, सर्व भरलेल्या. शिवाय शिशाची वजने, बीसीडी (हवा भरून तरंगणे सांभाळणारी जाकिटे), रेग्युलेटर (टाकीतून श्वास घेण्याचे उपकरण) आणि वेटसूट (डायव्हिंगचे रबरी कपडे). गाडी डिझेल एसयूव्ही.

घाटवाट
माझ्या अनुभवावरून सांगतो, ट्रेलर विकावा आणि छोटा हत्ती घ्यावा. अरुंद रस्त्यावर ट्रेलर मागे घेणे हीच मुळात डोकेदुखी असते आणि देवबागच्या वाळूत तो रुतला की बाहेर काढायला चार माणसे लागतात.

निळाई
टाक्यांत हवा भरणारा तुमचा कॉम्प्रेसरही ट्रेलरवरच असेल, तर हवा ओढणारी नळी इंजिनाच्या धुरापासून दूर आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला ठेवावी. धुरातील कार्बन मोनॉक्साइड टाकीत गेला, तर त्याला वास नसल्याने डायव्हरला तो कळत नाही. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, म्हणून लिहिले.

खाडीकिनारा
निळाईताई, कॉम्प्रेसर कुडाळच्या गोदामातच आहे. माझा प्रश्न डोलण्याचा आहे.

लोहारशाळा
भरलेली एक टाकी साधारण १७ किलो धरली, तर नुसत्या टाक्याच ४०८ किलो झाल्या. त्या एक्सलच्या पुढे आहेत की मागे?

खाडीकिनारा
मागे. किनाऱ्यावर मागचे दार उघडले की हात घालून टाकी सरळ बाहेर काढता येते, म्हणून सांगाडा मुद्दाम दाराजवळ केला. पुढे वेटसूट टांगले आहेत.

लोहारशाळा
मग दोष एक्सलचा नाही, मांडणीचा आहे. एक्सलच्या मागे एवढे वजन गेल्यावर पुढचा हुक वर उचलला जातो, गाडीची पकड सैल होते आणि उतारावर शेपूट झोले खाऊ लागते. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के भार हुकावर आला पाहिजे, म्हणजे आपल्याकडे एकूण ८०० किलो धरल्यास ४० ते ८० किलो. आपल्या गाडीच्या हुकाची मर्यादाही तपासावी. तोवर ट्रेलर डोलू लागलाच, तर जोरात ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटर सोडावा आणि स्टिअरिंग सरळ धरावे.

घाटवाट
टाक्या उभ्या न ठेवता आडव्या घालाव्यात. वजन खाली राहते.

लोहारशाळा
आडव्या घालायच्या, तर रस्त्याला काटकोनात. लांबीच्या दिशेने ठेवलेली टाकी अचानक ब्रेक लागताच पुढे सरकते आणि तिचा व्हॉल्व्ह आपटतो. मी मात्र उभ्या ठेवून वर-खाली पट्टा आवळण्याच्या मताचा आहे, कारण उभी टाकी एकाच माणसाला उचलता येते.

निळाई
आणखी एक. बंद पत्र्याच्या पेटीला वर-खाली झरोके ठेवा. २०७ बारला भरलेल्या टाकीचा दाब दर अंशाला सुमारे ०.७ बार वाढतो, त्यामुळे उन्हात ३० अंश तापमान चढले की २० बारच्या आसपास वाढ होते. शिवाय ओला वेटसूट बंद पेटीत कुबट होतो, तो वास पर्यटकांना लगेच येतो. लोखंडी अँगलला ॲल्युमिनियम थेट टेकू देऊ नका. खाऱ्या पाण्यात दोन्ही धातू एकत्र आले, की ॲल्युमिनियम झिजते.

घाटवाट
रबरी नळी चिरून अँगलवर चढवावी.

निळाई
नळीच्या आत खारे पाणी साचून राहते. माझ्या एका टाकीच्या बुडाला असेच पांढरे खवले आले होते. भोके पाडलेली एचडीपीईची (टणक प्लास्टिकची) पट्टी बरी, आणि रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुणे.

लोहारशाळा
नोंदणीचेही पाहून घ्यावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. पेटी बसवण्यापूर्वी आरटीओकडे विचारणा केली होती काय?

खाडीकिनारा
नाही केली. सोमवारी कागद घेऊन जातो.
काल सांगाडा कापून एक्सलच्या किंचित पुढे घेतला. हुकाखाली ठोकळा, त्यावर घरचा वजनकाटा, असे मोजले, तर आधी काटा जेमतेम ९ किलो दाखवत होता, आता ५८ दाखवतो. आज चौकेच्या उतारावरून ४० च्या वेगाने आलो, ट्रेलर सरळ राहिला. सर्वांचे मनापासून आभार. मात्र टाक्या पुढे गेल्यामुळे दारातून हात पोहोचत नाही. बाजूने दुसरे दार काढले, तर पेटी कमजोर होईल काय?

लोहारशाळा
दाराच्या चौकटीला चारही बाजूंनी अँगल घालून घ्या, काही होणार नाही. वेल्डिंगच्या आधी टाक्या उतरवून दूर ठेवा.